कूलर क्रमांक आठ

प्रत्येक मोठ्या संस्थेच्या वाटचालीत काही व्यक्ती अशा असतात, की त्या नसत्या तर ती संस्था आज दिसते तशी दिसली नसती. एका उन्हाळ्यापुरती मी अशी व्यक्ती होते. अमरावतीला विद्यापीठात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी तिथल्या ग्रंथालयाच्या वाचनकक्षातले कूलर भरायचे. मी नसते तरी विद्यापीठ उभं राहिलंच असतं. फक्त दुपारी एकनंतर ते घामाघूम दिसलं असतं.

परवा अकोल्यात आमचा घरचा कूलर गच्चीवरून खाली आणला, तेव्हा हे सगळं आठवलं. वऱ्हाडात होळीच्या आसपास एक दिवस असा येतो, की गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवरून पत्र्याचे चौकोनी डबे दोरांनी खाली उतरू लागतात. प्रत्येक डब्यामागे तीन माणसं आणि एक सल्लागार असतो. आत वर्षभराची धूळ, एखादं गांधीलमाशीचं घर, टाकीच्या तळाला क्षारांचा पांढरा थर. मग सायकलीला गवताच्या पेंढ्या बांधून एक माणूस येतो आणि तिन्ही बाजूंच्या ताट्यांमध्ये नवं गवत भरून देतो. टिल्लू पंप सुरू होऊन पहिलं पाणी त्या गवतावर पडलं, की एक वास येतो. थोडा सुताराच्या दुकानाचा, थोडा ओल्या गोठ्याचा, आणि माझ्यापुरता बराचसा परीक्षेचा.

कारण आमच्या भागात परीक्षा आणि कूलर एकाच वेळी येतात. शांत ठिकाणी बसून अभ्यास करावा, असं पुस्तकांत लिहिणाऱ्यांनी आठ कूलर एकत्र सुरू झालेले ऐकले नसावेत. वाचनकक्षात दिवसभर थ्रेशर चालू असल्यासारखा आवाज असायचा आणि त्यात दोनशे मुलंमुली माना खाली घालून बसलेली असायची. वाऱ्यानं पानं उडू नयेत म्हणून जो तो पुस्तकावर मोबाईल ठेवायचा. मोबाईलचा अभ्यासाला झालेला तो एवढाच उपयोग मी पाहिला आहे.

हे काम मला मिळालं ते ‘कमवा आणि शिका’ योजनेत. विभागाच्या फलकावर सूचना लागली, तेव्हा मी अर्ज केला. अर्जाला तीन दाखले जोडायचे होते. मी गरजू आहे याचा, माझं वर्तन चांगलं आहे याचा आणि मी विद्यापीठाची विद्यार्थिनी आहे याचा. तिसरा दाखला ज्या इमारतीतून आणायचा, त्याच इमारतीत अर्ज द्यायचा होता. मी तो पहिल्या मजल्यावरून घेतला आणि तळमजल्यावर दिला.

मुलाखतीला पाच जणांची समिती होती. श्रमप्रतिष्ठा म्हणजे काय, असं अध्यक्षांनी विचारलं. हा प्रश्न येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून मी पाठ केलेलं उत्तर दिलं आणि समितीनं ते पाठ असलेल्या चेहऱ्यानं ऐकलं. त्यानंतर मला जीवनातलं ध्येय विचारण्यात आलं. मग एका वयस्कर सदस्यांनी पहिल्यांदा कामाचा प्रश्न विचारला. मुलीला पाईप, बादल्या उचलणं जमेल का? मी म्हटलं, बाळापूरला आमचा भाजीपाला आहे, शाळेत असल्यापासून मी वाफ्यांना पाणी देते. मग काहीच अडचण नाही, असं ते म्हणाले. ग्रंथालयाच्या नेमणुकीसाठी पाईपचं काय काम, हा प्रश्न त्या वेळी मला पडायला हवा होता. पडला नाही. नेमणुकीच्या कागदावर ‘विभाग : ग्रंथालय’ एवढंच वाचून मी दोन दिवस फार आनंदात होते. पुस्तकांच्या मांडण्या, जुन्या बांधणीचा वास, काम करता करता चाळलेली पानं, असं बरंच काही मी मनात रचून ठेवलं होतं.

पहिल्या दिवशी सकाळी सदाशिवभाऊंनी माझ्या हातात रबरी पाईप दिला. सदाशिवभाऊ ग्रंथालयातले जुने परिचर. कुठलं पुस्तक कोणत्या कपाटात नाही, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी मला वाचनकक्षाच्या दारात उभं केलं आणि बोटानं दाखवलं.

“हे आठ कूलर. हा नळ. सहा भरले का नळाचं पानी जाते.”

मी विचारलं, मग उरलेल्या दोनांचं काय करायचं?

“काई नाई,” ते म्हणाले. “ते तसेच राह्यतेत.”

तुम्ही का भरत नाही, असंही मी विचारलं. त्यावर त्यांनी आपली कामांची यादी तोंडपाठ म्हणून दाखवली. दारं उघडणं, टपाल नेणं, घंटा वाजवणं वगैरे. कूलर यादीत नव्हते. यादी बनली तेव्हा ग्रंथालयात कूलर नव्हते, आणि कूलर आले तेव्हा यादीला कोणी हात लावला नाही.

वाचनकक्ष लांबलचक होता, आगगाडीच्या डब्यासारखा. खिडक्यांच्या बाजूनं आठ कूलर ओळीनं बसवलेले, त्यांच्यावर लाल रंगानं आकडे. नळ दाराजवळ. दाराला लागूनच ग्रंथपाल गावंडे सरांची केबिन आणि पहिला कूलर त्या केबिनचा. दोन, तीन, चारसमोर स्पर्धा परीक्षांची मुलं बसायची. ती सकाळी दारं उघडायच्या आधी येऊन उभी असत आणि आत शिरताच खुर्च्यांवर रुमाल, बाटल्या, जुनी गाईडं टाकून दिवसभराची वतनं करून घेत. काही रुमाल त्यांच्या मालकांपेक्षा नियमित होते. जसजसं आत जावं तसतशी वयं कमी होत जायची. अगदी शेवटी, सात आणि आठसमोर, पहिल्या वर्षाच्या मुली. त्या भातकुलीकडून, आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीनं यायच्या, बस उशिरा पोचायची आणि शेवटची रांग तेवढी त्यांच्यासाठी मोकळी राहिलेली असायची. सात आणि आठ हे कोरडे राहणारे कूलर. पाण्याविना कूलर म्हणजे नुसता पंखा, आणि अमरावतीच्या मे महिन्यात नुसता पंखा म्हणजे भट्टीचा भाता. माझ्या आधी हे काम करणारा मुलगा एकपासून सुरुवात करायचा. त्याच्या आधीचाही. आकडेच तसे टाकले होते.

मी आठपासून सुरू केलं.

पुढे कधीतरी, कॉलेजातल्या एका भाषणात, मी हे समतेच्या भावनेतून केलं असं सांगितलं. तशी टाळी मिळते. खरी गोष्ट अशी, की आमच्या शेतात पाणी लांबच्या टोकाकडून देतात. पाट शेवटपर्यंत न्यायचा, शेवटचा वाफा भरायचा, मग त्याचं तोंड मातीनं बांधून मागे मागे सरकत यायचं. म्हणजे ओल्या मातीतून चालावं लागत नाही. लहानपणी मी बाबांना कारण विचारलं होतं. ते म्हणाले, “पानी कमी पडलं तं शेवटचाच वाफा राह्यते. त्याले अगुदर दे.” मला मात्र पाय न भरण्याचं कारण जास्त पटलं होतं. इथेही तसंच. पाईप एकदा शेवटपर्यंत ओढला, की पुढे नुसता गुंडाळत यायचं. एकपासून सुरू केलं तर दर कूलरला तो टेबलांखालून, चपलांमधून, लोकांच्या पिशव्यांवरून ओढावा लागतो. मी सोय पाहिली. न्याय त्याच्याबरोबर आपोआप आला.

त्याचा परिणाम असा झाला, की सात आणि आठ दिवसभर गार चालू लागले आणि नळ जायचा तो दोन भरून होण्याच्या आत. एक आणि दोन कोरडे राहू लागले. दोनसमोरचे रुमाल हळूहळू मागे सरकले. मोठी मुलं मला ‘ताई’ म्हणायला लागली, त्यातले काही माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे होते. सत्ता या विषयावर मी त्या वर्षी एक अख्खा पेपर देणार होते. पुस्तकात जे तीन प्रकरणांत सांगितलं होतं, ते मला पाईप हातात आल्यावर आठवडाभरात समजलं.

पहिल्या कूलरचं मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण गावंडे सर केबिनमध्ये फार वेळ नसत. साडेदहाला येत, अकराला प्रशासकीय इमारतीत बैठकीला जात आणि चार वाजता परतत. एवढ्या बैठकांत काय ठरत होतं, ते ग्रंथालयाला कधी कळलं नाही.

आता अभ्यासासाठी माणूस काय काय करतो, ते सांगते. तासिका संपल्या की आमचं वसतिगृह परीक्षेपर्यंत रिकामं करायचा नियम होता. राहायची परवानगी फक्त ज्यांना विद्यापीठाच्या कामावर ठेवलंय त्यांना, आणि त्यासाठी योजनेतली मुदतवाढ मंजूर व्हावी लागे. मुदतवाढ मिळाली नाही, तर मला बाळापूरला घरी जावं लागणार होतं. घर चांगलं होतं, माणसंही चांगली होती. पण उन्हाळ्यात आमच्याकडे पहाटे भाजी निघते. दोन खोल्यांत सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत सहा माणसं बसलेली असतात, आणि हात मोकळे असलेला माणूस दिसला की त्याच्या मांडीवर सांभाराचा भारा येतो. पुस्तक हातात असलेला माणूस मोकळा धरला जातो. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी मी तिथे अभ्यास करून पाहिला होता. पुस्तकाच्या पानांना अजून सांभाराचा वास आहे आणि माझे गुण दुसऱ्या श्रेणीचे आहेत. एम.ए.ला दुसरी श्रेणी मिळाली असती, तर पुढचे सगळे रस्ते बंद होते. म्हणून मला ते काम टिकवायचं होतं. कूलरवर माझं प्रेम होतं असं काही नाही.

एप्रिलात ग्रंथालयानं वाचनाविषयी एक कार्यक्रम ठेवला. बाहेरून एक पाहुणे आले होते. समई लावायची म्हणून आठही कूलर बंद करायला सांगितलं. वाऱ्यानं ज्योत विझते. ज्योत व्यवस्थित पेटली, मग शाल, श्रीफळ, स्वागतपर भाषण, परिचय, आणि पाहुण्यांचं वाचनाच्या महत्त्वावर पाऊण तास. तेवढा वेळ दोनशे वाचक पुस्तकं मिटून, दुपट्ट्यानं तोंडं पुसत बसले होते. आभार मानून झाल्यावर वाचन पुन्हा सुरू झालं.

पाहुण्यांना चहासाठी केबिनमध्ये नेलं. गावंडे सरांनी कौतुकानं कूलरचं बटण दाबलं आणि कोरड्या गवतातून वर्षाची धूळ आणि गरम हवा पाहुण्यांच्या नव्या शालीवर आली.

पाहुणे गेल्यावर सरांनी मला बोलावलं. सर एरवी अत्यंत शुद्ध, छापील मराठी बोलत. त्यांनी शांतपणे विचारलं, की कूलरवर आकडे कशासाठी घातलेले आहेत. मी सांगितलं, की सहा भरले की नळ जातो म्हणून मी आठपासून सुरू करते.

“कावून?” सर म्हणाले. तिथे छापील मराठी संपली.

मी म्हटलं, घरी आम्ही वाफ्यांना तसंच पाणी देतो.

“हे भेंडीचं वावर हाय काय?” मग एक श्वास घेऊन ते पुन्हा पहिल्या भाषेत आले. “उद्यापासून एक ते आठ. आणि आपल्या मुदतवाढीच्या अर्जावर माझा शेरा लागतो, हे आपण लक्षात ठेवा.”

मी लक्षात ठेवलं. या ठिकाणी बाणेदारपणे काही बोलल्याचं लिहिलं असतं तर लेखाला शोभा आली असती. मी ‘हो सर’ म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी एकपासून सुरू केलं. पाईप टेबलांखालून, चपलांमधून ओढत नेला. सहावा भरला आणि नळानं दोन आचके दिले.

शेवटच्या रांगेत सुनीता नावाची एक मुलगी बसायची. पहिल्या वर्षाची, भातकुलीकडची. कोणाशी फार बोलत नसे. अक्षर फार बारीक, वहीची एक ओळही वाया जाऊ नये असं. कोरड्या कूलरचा पहिला दिवस तिनं तसाच काढला. दुसऱ्या दिवशी ती नळाशी येऊन दुपट्टा भिजवून गेली आणि डोक्यावर घेऊन वाचत बसली. तिच्या वहीवर पाणी ठिबकत होतं, ती ते कोपरानं टिपत होती. तिसऱ्या दिवशी मी पाईप गुंडाळत असताना ती माझ्याजवळ आली. तक्रार करायला आली असेल, म्हणून मी नळाची अडचण सांगायला तोंड उघडलं.

“ताई,” ती म्हणाली, “आमचं काई चुकलं काय?”

मी म्हटलं, नाही गं, नळ गेला. हे खोटं नव्हतं. नळ खरंच गेला होता. पण त्या दिवशी मला राज्यशास्त्राचं एकही पान वाचता आलं नाही. ही आपल्याला झालेली शिक्षा आहे असं समजून तीन दिवस ती गप्प बसली होती, आणि आपला गुन्हा कोणता तेवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. तिनं भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मी हे सदाशिवभाऊंना सांगितलं. त्यांनी तंबाखू मळत ऐकून घेतलं. सरांच्या केबिनकडे पाहिलं. सर बैठकीला गेले होते आणि रिकाम्या खुर्चीवर पहिला कूलर भरल्या टाकीनं गार वारा घालत होता.

“भरनं माह्या ड्युटीत नाई,” ते म्हणाले. “खाली करनं कोनी लिहून ठेवलं नाई.”

त्या दिवसापासून रीत अशी पडली. मी सकाळी सरांच्या देखत कूलर क्रमांक एक काठोकाठ भरायचे. सर समाधानानं पाहायचे. अकराला ते गेले, की सदाशिवभाऊ केबिनमध्ये जाऊन टाकीच्या तळाचं बूच काढायचे, बादल्या भरायचे आणि मी त्या आठपर्यंत न्यायचे. सात आणि आठ आळीपाळीनं. नियमही पाळला जात होता आणि पाणीही पोचत होतं. वाचनकक्षातल्या दोनशे जणांना हे दिसत होतं, पण कोणी सरांपर्यंत नेलं नाही. ग्रंथालयात शांतता राखण्याचा तो सर्वांत चांगला नमुना होता. मी बादली रिकामी करताना सुनीता नुसती वर पाहायची आणि पुन्हा वाचायला लागायची.

माझा अर्ज त्याच आठवड्यात सरांच्या टेबलावर गेला. आणि त्याच आठवड्यात एक बैठक रद्द झाली.

सर पावणेबाराला परत आले. मी दोन्ही हातांत बादल्या घेऊन वाचनकक्षाच्या बरोबर मध्यावर होते. केबिनपासून आठपर्यंत फरशीवर ओली रेघ होती, एका दिवसाची नव्हे, कडेनं क्षारांची पांढरी किनार धरलेली. दोनशे माना एकदम पुस्तकांत गेल्या. सर केबिनमध्ये गेले, कूलरसमोर क्षणभर उभे राहिले, मग टाकीजवळ बसलेल्या सदाशिवभाऊंकडे पाहिलं.

“गळते, सायेब,” सदाशिवभाऊ म्हणाले. बूच त्यांच्या हातात होतं.

 सर बाहेर आले आणि त्या ओल्या रेघेवरून चालत निघाले. मी बादल्या घेऊन मागे. इतक्या वर्षांत ग्रंथपाल शेवटच्या रांगेपर्यंत गेल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. आठव्या कूलरमागच्या खिडकीबाहेर कडुनिंबाचं दाट झाड होतं, सगळ्या इमारतीत सावलीची तेवढी एकच खिडकी. सर कूलरसमोर उभे राहिले. बाहेरून चालत आले होते, सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी डोळे मिटले. मिटलेलेच राहिले. सुनीतानं उठून खुर्ची पुढे केली. सर बसले. थोड्या वेळानं त्यांनी फाईल मागवली आणि चार वाजेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. सुनीता खाली फरशीवर बसून वाचत होती.

दुसऱ्या दिवशी सरांचं टेबल आठव्या कूलरजवळ आलं. वाचकांवर जवळून देखरेख ठेवता यावी म्हणून, असं परिपत्रकात लिहिलं होतं. त्याच परिपत्रकात दुसरा मुद्दा होता. कूलर यापुढे क्रमांक आठपासून भरण्यात यावेत. बाबांच्या पद्धतीला अशी लेखी मान्यता मिळाली.

देखरेख नको म्हणून नव्हे, तर सरांच्या टेबलाला जागा हवी म्हणून शेवटच्या रांगेतल्या मुली उठल्या. मोठ्या मुलांनी आपले रुमाल पाच, सहा, सातकडे हलवले. मुलींना जागा उरली ती दाराजवळ, दोनसमोर, आणि आता तिथेच पाणी पोचत नव्हतं. आठपासून भरत मी दोनपाशी आले की नळ आचके द्यायचा. मी पाईप हातात धरून उभी राहायचे आणि समोर तीच बारीक अक्षराची वही, तोच ओला दुपट्टा. शेवटचा वाफा टोकाला असतो, असं मला तोपर्यंत वाटत होतं.

दरम्यान माझा अर्ज पडून होता. तीन दिवस शेरा नाही. वसतिगृहाच्या अधीक्षिकांनी खोलीची किल्ली कधी देतेस म्हणून दोनदा विचारलं. मी पुस्तकं पेटीत भरली आणि घरी फोन केला. बाबा म्हणाले, ये, सांभार निघालाच आहे.

चौथ्या दिवशी आठवा कूलर भरत असताना सरांनी फाईलमधून मान वर न करता मला थांबवलं. माझा अर्ज त्यांच्यासमोर होता. त्यांनी विचारलं, गाव कोणतं. मी बाळापूर सांगितलं. त्यांनी रकान्यात ‘समाधानकारक’ असं लिहिलं, सही केली, आणि मग इकडेतिकडे पाहून, आवाज कूलरच्या आवाजाखाली नेऊन म्हणाले, “आमच्या बार्शीटाकळीले बी शेवटूनच देत पानी. माहा बाप तं पहिल्या वाफ्यात पाय ठेवू देत नव्हता.”

मी पाईप तसाच धरून त्यांच्याकडे पाहिलं. तोवर ते सावरले होते. “आवक क्रमांक टाकून घ्या,” ते म्हणाले.

मी पेटीतून पुस्तकं पुन्हा काढली.

आता एक कबुली. आठ टाक्या, पाणी सहांचं. कोणाही शहाण्या माणसाला पहिल्याच दिवशी सुचेल, की सगळ्या टाक्या थोड्या थोड्या कमी भराव्यात. मला ते सुचायला दोन महिने लागले. सदाशिवभाऊंना सुचलं नाही, सरांनाही नाही. कारण आम्ही सगळे वाफ्यावर वाढलेले. वाफा काठोकाठ भरल्याशिवाय पाणी पुढच्या वाफ्याकडे मोडायचं नाही, हे हातांत इतकं बसलेलं असतं, की अर्ध्यावर पाईप काढणं म्हणजे काहीतरी अपवित्र केल्यासारखं वाटतं. बार्शीटाकळी, बाळापूर आणि सदाशिवभाऊंचं गाव, तिघांनी मिळून सहा टाक्या भरल्या आणि दोन उपाशी ठेवल्या. पहिल्यांना द्यावं की शेवटल्यांना, यावर वाद घातला. टाकी पूर्ण का भरायची, हे कोणी विचारलं नाही.

विचारलं ते सुनीतानं, दारापाशी दप्तर आवरताना. टाकी भरलेली नसली तर कूलर चालत नाही काय, असं. तिच्या घरी शेती नव्हती, वडील शिवणकाम करायचे. असेल तेवढ्या कापडात बसवायची तिला सवय असावी.

केबिन बंदच होती, म्हणजे सात कूलर. मी प्रत्येक टाकीवर काठाच्या खाली खडूनं रेघ मारली आणि तिथे आलं की पाईप काढायला लागले. पहिले काही दिवस हात अडखळायचा. मे महिनाभर मग असं झालं, की साडेतीनच्या सुमाराला सातही कूलर पाच-दहा मिनिटांच्या फरकानं कोरडे व्हायचे. गरम हवा सगळ्या वाचनकक्षात एकदम यायची, आणि रुमालवाले, शेवटच्या रांगेतून उठलेल्या मुली, सदाशिवभाऊ आणि फाईल बंद करून गावंडे सर, सगळे एकाच वेळी चहाला बाहेर पडायचे. सर वेगळ्या बाकावर बसत. पण चहा त्याच किटलीतला होता.

आज घरचा कूलर भरताना मी खडूची रेघ मारत नाही. एकच कूलर आहे. अकोल्यात नळ चार-पाच दिवसांआड येतो, म्हणून तो काठोकाठ भरून ठेवावा असा घरच्यांचा आग्रह असतो आणि मी भरते. भरताना वरच्या गवतावरून पाणी उतरतं, वास येतो, आणि मनात कुठेतरी वाटतं, की खाली दाराजवळ कोणीतरी ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन बसलेलं आहे. सुनीता आता कुठे आहे, मला ठाऊक नाही. तिनं पहिल्या वर्षाची परीक्षा दिली, एवढं मी पाहिलं. निकाल लागले तेव्हा मी तिचं नाव माझ्या नावाआधी शोधलं. होतं.

मलाही पहिली श्रेणी मिळाली. पुढे विद्यापीठानं योजनेतल्या विद्यार्थ्यांचा सत्कार केला, गार सभागृहात, समई विझणार नाही अशा बेतानं. श्रमप्रतिष्ठेवर भाषणं झाली आणि आम्हाला सोनेरी किनारीची प्रमाणपत्रं देण्यात आली. माझ्या प्रमाणपत्रात, उद्यान विभागात केलेल्या उल्लेखनीय कार्याबद्दल, असं छापलं होतं. मी ते दुरुस्त करून घ्यायला गेले. त्यासाठी मला ग्रंथालयात काम केल्याचा दाखला आणायला सांगण्यात आलं. सदाशिवभाऊंनी प्रमाणपत्र लांब धरून वाचलं आणि राहू दे म्हणाले, पाणीच देत होतीस ना तू?

मी राहू दिलं. अकोल्यात कनिष्ठ महाविद्यालयात मुलाखतीला गेले, तेव्हा संस्थेच्या अध्यक्षांनी सगळी कागदपत्रं बाजूला ठेवून ते सोनेरी किनारीचं तेवढं नीट वाचलं आणि अशा अनुभवी व्यक्तीची संस्थेला गरज होती असं म्हणाले. रुजू झाले त्या दिवसापासून मी आमच्या कॉलेजच्या उद्यान समितीची प्रमुख आहे. दर वर्षी अहवाल देते. आमच्या कॉलेजला बाग नाही.